डझनाला चौसष्ट

बाईंनी एकतीस वर्षं परक्या घरांत जाऊन एकच प्रश्न विचारला. गेल्या महिन्यात हातात किती आले?

प्रश्न एवढासाच. पण तो विचारायच्या आधी दार वाजवावं लागतं. जिने चढावे लागतात. पाणी प्यावं लागतं, घरातल्या म्हातारीच्या खोकल्याची चौकशी करावी लागते, आणि मगच पिशवीतून फॉर्म काढता येतो. देशातली मजुरी वाढते आहे की नाही, वाढत असेल तर किती टक्क्यांनी, हे वर बसलेल्या लोकांना कळायला हवं असतं. त्यासाठी खालून कुणालातरी दारोदार हिंडावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे बाई. त्यांच्या पिशवीत छत्तीस घरं होती. दर तीन महिन्यांनी तीच घरं, तीच माणसं. सारख्याची सारख्याशी तुलना व्हावी म्हणून घरं बदलत नसत. माणसं मात्र म्हातारी होत.

बाईही झाल्या. गुडघे आधी झाले.

नवरा बसगाड्यांच्या आगारात मेकॅनिक होता, आता निवृत्त. बाई संध्याकाळी पाय पसरून बसल्या की तो खुर्चीतून विचारायचा, "काय मग, या तिमाहीत गुडघेदुखीत किती टक्के वाढ?"

"अठरा."

"मागच्या वेळी बाराच होती. प्रगती आहे."

बाई हसत नसत. तेल पुढे करत. तो खाली बसून मुकाट्यानं गुडघे चोळायचा. निवृत्तीला दोन महिने उरले होते. एवढी एक फेरी, म्हणजे छत्तीस दारं, की पिशवी खात्याला परत करायची आणि पेन्शनच्या कागदांवर साहेबांची सही घ्यायची. बाईंना दुसरं काही नको होतं. थकवा इतका मुरला होता की तो गेल्यावर खाली काय उरेल, याचीच त्यांना कधीकधी भीती वाटायची.

डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा व्यायाम सांगितला. व्यायामाचं केंद्र सकाळी सातला उघडायचं. ते तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि लिफ्टवर कागद चिकटवलेला होता, दुरुस्ती चालू आहे. गुडघ्यांच्या रोग्यांना तीन जिने चढायला लावणाऱ्या माणसाला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवत बाई पहिल्या दिवशी कठडा धरून निघाल्या. पायऱ्या ओल्या होत्या. फिनेलचा वास होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक माणूस पाठमोरा वाकून फरशी पुसत होता. विजार घोट्याच्या वर दुमडलेली. बादली शेजारी.

"जरा जपून हो, ओलं आहे," तो न बघताच म्हणाला.

आवाज ओळखीचा होता. तोही वळला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"ताई," तो म्हणाला, "सर्वेक्षणाला नाही ना आलात?"

बाईंच्या छत्तीस घरांतला हा एकोणिसावा. कामगार वापरतात ते जाड कापडाचे हातमोजे घरी मशीनवर शिवायचा. त्याच्या गल्लीत तोच धंदा होता. ठेकेदार कापलेलं कापड आणून टाकायचा आणि शिवलेले मोजे डझनावर मोजून न्यायचा. गल्लीतली चार घरं बाईंच्या यादीत होती. एकोणीस ते बावीस. त्यांतला हा मोजेवाला सगळ्यांत नेटका. गेलं की उठून उभा राहायचा, खुर्ची पुसून द्यायचा. नऊ वर्षांची ओळख होती.

"गुडघे दाखवायला आले," बाई म्हणाल्या. "तुम्ही?"

त्यानं हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ते लपवायला जागा नव्हती.

"घरी सकाळी फिरायला जातो म्हणून सांगून येतो," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली. चार इमारती आहेत. ही तिसरी."

बाई पायरीवर बसल्या. उभं राहणं जमत नव्हतं, एवढंच कारण होतं. त्यालाही बसावंसं वाटलं असावं. तो चार पायऱ्या सोडून वरच्या बाजूला टेकला.

"मोज्यांचा दर चौसष्टवर गेलाय ना?" बाईंनी विचारलं. "डझनाला."

"गल्लीत सगळ्यांचा गेलाय. माझा चाळीस."

"चाळीस कसा? तुम्हीच मला चौसष्ट सांगितलेत."

त्यानं फडकं बादलीत टाकलं. मग म्हणाला, "तुम्ही विचारायचात ना ताई, यंदा काही वाढ?"

बाईंनी आठवून पाहिलं. विचारायच्या. फॉर्मवर तसा प्रश्न नव्हता. फॉर्मवर फक्त रकाना सात होता, मुख्य कामाची मजुरी. पण आकडा लिहून घेतला आणि पेनला टोपण लावलं असं कसं करायचं? माणुसकी म्हणून त्या हसून पुढे विचारायच्या, मग, यंदा काही वाढ?

"दर चाळीसवर अडकला तेव्हा पहिल्यांदा तुम्ही विचारलंत, मी नाही म्हणालो. दुसऱ्यांदा नाही म्हणालो. ही समोर बसलेली असते, मोजे उलटवत. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलंत, आणि माझ्या तोंडून नाही निघेना. म्हटलं, झाली, एकाची झाली. एक्केचाळीस. ही इतकी खूश झाली. महिन्याला दोनशे डझन होतात, एकाच्या हिशेबानं दोनशे जास्त आणायला हवेत. मग ही पहिली इमारत धरली. बाराशे देतात."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी तुम्ही परत विचारलंत."

खालून कुणीतरी चढत होतं. दोघंही गप्प झाले. एक म्हातारा काठी टेकत वर गेला. मोजेवाल्यानं उठून त्याला वाट दिली आणि परत बसला.

"एकदम बाराशे वाढले म्हटलं असतं तर हिला पटलं नसतं. म्हणून दर तिमाहीला डझनामागे एक वाढवायचो. सहा वेळा वाढवलं की इमारतीचे बाराशे संपायचे. मग दुसरी धरायची. मधल्या काळात शिल्लक उरायची त्यातून मशीनला मोटर बसवली."

बाईंनी मनात आकडे मांडले. चोवीस तिमाह्या. चोवीस वाढी. चार इमारती. चाळीसाचे चौसष्ट. कुठेही एक इकडचा तिकडे नव्हता. एकतीस वर्षांत इतका चोख हिशेब त्यांनी पाहिला नव्हता.

"पण बाकीच्यांना चौसष्ट मिळतात म्हणालात."

"तीच तर गंमत आहे." तो हसला नाही. "मी एक्केचाळीस सांगितलं. हिनं शेजारणीला सांगितलं. शेजारीण नवऱ्यावर उखडली असणार. चार दिवसांनी शेजारी मला म्हणतो, माझेही एक्केचाळीस झाले. मी बेचाळीस म्हटलं, त्याचेही बेचाळीस. म्हणजे मी खोटं बोललो आणि ते सगळ्यांच्या बाबतीत खरं झालं. माझ्याच बाबतीत झालं नाही."

"ठेकेदाराला विचारलं नाहीत?"

"तो एकेकाला आतल्या खोलीत बोलावून पैसे देतो. दार लावून. प्रत्येक वेळी सांगतो, तुझा दर बाहेर बोलू नकोस. मी काय समजायचं ते समजलो. माझ्या शिवणीत खोट असेल. बोटं जाड झालीत." तो उठला. "घरी नका सांगू, ताई."

"जिन्यावर ऐकलेलं फॉर्मात जात नाही," बाई म्हणाल्या. तसा नियमच होता.

उरलेला दीड जिना त्या कशा चढल्या ते त्यांना कळलं नाही. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, काकू, आज लक्ष नाही तुमचं.

मुळात बाईंची एक चूक नव्हती, दोन होत्या. नसलेला प्रश्न विचारला, ती एक. दुसरी रकाना नऊची. याखेरीज दुसरं काही काम करता काय? नऊ वर्षांपूर्वी पहिल्या भेटीत त्यांनी तो मोजेवाल्याला विचारला होता. तो ताठ झाला होता. "माझ्या हातात कसब आहे ताई. दुसरं काम धुंडाळायची वेळ आलेली नाही." बायको दारात उभी होती. बाईंना कानकोंडं झालं. त्या दिवसापासून त्या घरी नवव्या रकान्यात त्या न विचारताच आडवी रेघ ओढत. मग शेजारच्या घरीही. मग गल्लीतल्या चारही घरी. कसबी माणसाला, बाबा तुझ्या कसबावर भागतं ना, असं कुठल्या तोंडानं विचारायचं? छत्तीस रेघांमध्ये चार रेघा. कुणाच्या नजरेत येणार?

साहेबांच्या नजरेत वेगळंच काहीतरी आलं होतं.

साहेब तिशीतले, अर्थशास्त्र शिकून आलेले, बाईंना खुर्ची दिल्याशिवाय न बोलणारे. त्याच आठवड्यात त्यांनी बाईंना बोलावून संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा बाई. सगळ्या धंद्यांच्या रेघा वर-खाली, वेड्यावाकड्या. आणि तुमचे हातमोजे बघा."

एक रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली होती. पट्टी धरून ओढल्यासारखी सरळ.

"सहा वर्षांत साठ टक्के," साहेब म्हणाले. "घरबसल्या मजुरीत अशी वाढ कुठे नाही. मागच्या बैठकीत मी मुद्दाम दाखवली. म्हटलं, आमच्या बाईंची घरं आहेत."

"मग आता दरसमितीत काय होणार?"

"हातमोज्यांना हात लावायचं कारण नाही. मागच्या वेळीही लावला नाही."

दरसमिती तीन वर्षांतून एकदा बसायची. घरबसल्या कामांना ठेकेदारानं कमीतकमी किती द्यायचे ते ती ठरवायची. ज्या धंद्याची मजुरी वाढलेली नाही, त्याचा दर वर उचलायचा. ज्याची आपोआप वाढते आहे, त्याला कशाला? समिती पुढच्या महिन्यात बसणार होती. बाई या फेरीत जे आकडे आणतील ते शेवटचे धरले जाणार होते.

बाईंनी त्या रेघेकडे पाहिलं. त्यांना ओला जिना दिसला.

"साहेब, समजा या वेळी आकडा खाली आला तर?"

"थोडा येईल. येऊ दे."

"खूप आला तर?"

साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग मधली सहा वर्षं कुणीतरी चुकीचं लिहिलं, असं होईल बाई. चौकशी लागेल. तुमचे कागद माझ्या टेबलावर आहेत. या महिन्यात सही करून टाकतो, तुम्ही नीट घरी जा. असं का विचारता?"

"सहज," बाई म्हणाल्या.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. मोजेवाल्याचं नाव-गाव न सांगता, कारण खात्याची तशी शपथ होती. नवरा तेल चोळत ऐकत होता.

"गाडीचा काटा बिघडला तर गाडी थांबत नाही," तो अखेर म्हणाला. "चाळीस दाखवतो, तू नव्वदनं जातेस. कळतं कधी? वळणावर."

"मग मेकॅनिक काय करतो?"

"दुरुस्त करतो. आणि आधी कुणी दुरुस्त केला होता ते वहीत बघतो." त्यानं दुसरा गुडघा हातात घेतला. "वहीत तुझंच नाव असणार."

"माझंच आहे."

त्या दिवशी त्यानं टक्केवारी विचारली नाही.

बाई पुन्हा व्यायामाला गेल्या तेव्हा मोजेवाला पहिल्याच मजल्यावर भेटला.

"परवा तुमच्याकडे येते आहे," त्या म्हणाल्या. "या वेळी रकाना नऊ विचारणार. दुसरं काही काम करता का, म्हणून."

त्यानं फडकं पिळलं. "नऊ वर्षांत कधी विचारला नाहीत."

"विचारायला हवा होता."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही लिहीन. तुम्ही सांगाल तेच लिहायचं असतं. फक्त यंदा काही वाढ, हे विचारणार नाही."

"समितीचं आहे का काही?" त्यानं विचारलं. गल्लीत कुणकुण होती.

"आकडे समितीपुढे जातात. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही."

तो पायऱ्या पुसत वर गेला. एकेक पायरी नीट, कोपऱ्यांसकट.

परवा दुपारी बाई गल्लीत शिरल्या. दोन्ही बाजूंनी मशीनचा आवाज होता, एकाच्या मागं एक, कुणीच कुणासाठी न थांबणारा. एकोणिसाव्या घरी मोजेवाला मशीनवर होता. त्याची बायको खाली बसून मोजे सुलटे करत होती. मोजे उलटे शिवलेले असतात. गुळगुळीत काठीवर एकेक बोट चढवून ते बाहेर काढावं लागतं. तिचा हात इतका सरावला होता की बोलताना ती काठीकडे बघतही नसे.

"या ताई. मी म्हणतच होते, तीन महिने झाले. गुडघे कसे आहेत?"

"आहेत जागेवर."

मोजेवाला उठला. खुर्ची पुसली. परत मशीनवर बसला, पण पाय पायपट्टीवर ठेवला नाही. बाईंनी फॉर्म काढला. घरात माणसं किती, शिवणारे किती, महिन्याला डझन किती. दोनशे. मग रकाना सात.

"मुख्य कामाची मजुरी," बाईंनी वाचलं. "गेल्या महिन्याची."

"पासष्ट झाला असेल ना हो?" बायकोच म्हणाली. "मागच्या वेळी चौसष्ट होता. ताई, ह्यांना विचारा की, यंदा काही वाढ?"

"त्यांनीच सांगायचं असतं वहिनी."

मोजेवाला मशीनच्या सुईकडे बघत होता. "नववा आधी विचारा, ताई."

बाईंनी पान उलटलं. नवव्या रकान्याचं वाक्य त्यांना पाठ होतं, तरी त्यांनी ते बोट ठेवून वाचलं. "याखेरीज दुसरं काही काम करता काय?"

बाहेर शेजारच्या मशीनचा आवाज चालू होता.

"जिने पुसतो," मोजेवाला म्हणाला. "चार इमारतींचे. अठ्ठेचाळीसशे मिळतात. सहा वर्षं. आता सातवा लिहा. डझनाला चाळीस. दोनशे डझन. आठ हजार."

काठीवर चढलेलं बोट तसंच राहिलं.

"चाळीस?" बायको म्हणाली.

"चाळीसच आहे. कधी वाढलाच नाही."

"आणि सकाळी फिरायला?"

"जिनेच."

तिनं मोजा काठीवरून काढला. नीट केला. डझनाच्या थप्पीवर ठेवला. "मी गुडघ्याजवळ विजारी ओल्या असतात म्हणून बागेत पाणी मारणाऱ्या त्या नळवाल्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "सहा वर्षं. एका परक्या माणसाला."

मोजेवाल्यानं सुईतला दोरा तोडला.

"जिने पुसलेत त्याचं काही नाही हो. पुसलेत तर पुसलेत. मला का नाचवलंत? मी त्या पलीकडच्या वहिनींपुढे दर तीन महिन्यांनी तोरा मिरवला. आमचे बेचाळीस झाले, आमचे पन्नास झाले. त्या माउलीनं नवऱ्याचं डोकं खाल्लं असेल." ती उठली. दारात गेली. "अहो वहिनी, जरा इकडे या. भावोजींनाही घेऊन या."

बाईंनी घाईनं फॉर्म मिटला. "वहिनी, एका घरातली माहिती दुसऱ्या घरापुढे बोलता येत नाही. मला तरी नाही."

"तुम्ही नका बोलू. मी कुठे सरकारी आहे?"

शेजारीण आली. मागून शेजारी आला. बनियन, खांद्यावर मोजमापाची फीत, कानावर खडू. त्याचं घर यादीत विसावं. बाई खुर्चीतून उठल्या, पण दारात माणसं होती आणि गुडघा वळेना. त्या तशाच भिंतीला टेकल्या.

"वहिनी," मोजेवाल्याची बायको म्हणाली, "ह्यांना डझनाला चाळीसच मिळतात. सहा वर्षं चाळीसच. वरचे हे जिने पुसून आणत होते. मी तुमच्यापुढे जे मिरवलं ते सगळं पोकळ. काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेते."

शेजारणीनं नवऱ्याकडे पाहिलं. शेजारी मोजेवाल्याकडे बघत होता.

"तुला चाळीस?" तो म्हणाला.

"हो."

"तोंडाला येईल ते बोलू नकोस. तुझी शिवण गल्लीत एक नंबर. तुला चाळीस कसा देईल तो?"

"देतो. तुला चौसष्ट देतो म्हणून मी गप्प."

शेजाऱ्यानं कानावरचा खडू काढला, बघितला, परत ठेवला. मग उंबऱ्यावर बसला. "मलाही चाळीसच देतो," तो म्हणाला.

"आणि घरात चौसष्टचे येतात ते?" त्याच्या बायकोनं विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"धाकटा पाठवतो. त्याला म्हटलं, वहिनीला कळू देऊ नकोस."

"म्हणजे मी सहा वर्षं धाकट्या भावोजींना कंजूस म्हणते आहे, आणि ते बिचारे पाठवताहेत."

"ते मी त्याला कळवलं नाही."

कुणालाच हसू आलं नाही. मोजेवाल्याची बायको खाली बसली आणि शेजारणीला तिनं पाट सरकवला. शेजारच्या घरातलं मशीन बंद होतं. त्यामुळे पलीकडची दोन मशीनं आता स्वच्छ ऐकू येत होती. चौघंही ती ऐकत होते. तिथं काय दर असेल हे प्रत्येकाला आता कळून चुकलं होतं.

बाईंनी त्या दुपारी उरलेली तिन्ही घरं केली. सातवा रकाना, मग नववा. एकविसाव्या घरचा पहाटे बाजारात गोणी उतरवायचा. बाविसाव्यानं घरात दर वाढवून आणि डोळे गेल्याचं निमित्त करून डझन कमी सांगायला सुरुवात केली होती, आणि उरलेले डझन मेव्हण्याच्या घरी जाऊन शिवायचा. चारही ठिकाणी चाळीस. एकाच ठेकेदाराचा, एकाच आतल्या खोलीतला. सहा वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच.

ऑफिसात बाईंनी आकडे घातले आणि पडदा लाल झाला. वीस टक्क्यांपेक्षा जास्त घट. कारण नोंदवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खाली कारण लिहायला एक चौकोन उघडला.

साहेब उठून त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. सरळ रेघ शेवटी कड्यावरून पडल्यासारखी खाली आली होती.

"हे खरं आहे?" त्यांनी विचारलं.

"आधीचं खोटं होतं."

"त्यांनी खोटं सांगितलं, असं लिहू या. उत्तर देणाऱ्यानं चुकीची माहिती दिली. तसा पर्याय आहे खाली, तीन नंबरचा. तुमच्यावर काही येणार नाही."

बाईंनी तीन नंबरचा पर्याय पाहिला. मोजेवाल्यानं काय खोटं सांगितलं होतं? साडेबारा हजारांच्या वर तो खरोखर घरात आणत होता. ते कशाचे, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्या एका बोटानं टाईप करत. वेळ लागला. साहेब मागे उभे राहून एकेक अक्षर वाचत होते. बाईंनी लिहिलं, रकाना नऊ गेली नऊ वर्षं या चार घरी विचारला गेला नाही. फॉर्मवर नसलेला एक प्रश्न मात्र दर वेळी विचारला गेला. चूक माझी आहे.

"बाई," साहेब म्हणाले, "सही झाली असती हो उद्या."

"माहीत आहे."

"वर्ष जाईल चौकशीत. पेन्शन अडकेल. पुसा ते. मी बघितलं नाही असं समजतो."

बाईंनी बटण दाबलं. पडद्याचा लाल रंग गेला.

समितीनं म्हटलं, एका तिमाहीच्या आकड्यावर विसंबता येणार नाही. रेघ फारच अचानक पडली आहे, ती चढत होती तेव्हाचंच खरं असावं. साहेबांनी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना राग आला नाही. रागालाही काही बळ लागतं. पण समितीत ज्यांना बोलायचं असेल त्यांनी स्वतः यावं, अशीही एक तारीख होती. गल्लीतले नऊजण गेले. बायकाही गेल्या. एकेकानं उभं राहून, बाकीच्यांच्या देखत, स्वतःचा दर मोठ्यानं सांगितला. चाळीस. मोजेवाला पहिला उठला. नऊ वेळा तोच आकडा ऐकल्यावर समितीतल्या एकानं पेन खाली ठेवलं म्हणतात.

दर बावन्न ठरला. चौसष्ट नाही.

बाई महिनाअखेर निवृत्त झाल्या. पिशवी परत केली. पेन्शन अजून अडकलेली आहे. नवरा जुन्या आगारात तासाच्या मजुरीवर जायला लागला. बाई म्हणाल्या, मग हे रकाना नऊमध्ये लिहायचं. तो म्हणाला, विचारणारीच घरी बसली, लिहिणार कोण?

व्यायाम चालू आहे. लिफ्टवरचा कागद बदलला, मजकूर तोच. काही आठवड्यांनी मोजेवाला पुन्हा जिन्यात दिसला. बाई थांबल्या.

"अजून?"

"डझनामागे बारा वाढले," तो म्हणाला. "दोनशे डझनांचे चोवीसशे. दोन इमारती सोडल्या. ही ठेवली."

"घरी काय म्हणतात वहिनी?"

"सकाळी हाक मारते, उठा जिनेवाले, सहा वाजले. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी." त्यानं बादली बाजूला घेतली. "विजार ती आता वेगळी भिजवते. नळवाल्याची माफी मागून आली."

बाईंनी कठडा धरला. पायऱ्या ओल्या होत्या, खालपासून वरपर्यंत चकचकत होत्या. कठड्याच्या बाजूला मात्र वीतभर पट्टी त्यानं प्रत्येक पायरीवर कोरडी सोडली होती.

"ही पुसायची राहिली," बाई म्हणाल्या.

"तुम्ही वर पोचलात की पुसतो."

त्या एकेक पायरी चढू लागल्या. उजवा पाय, मग डावा त्याच्या शेजारी. तो खाली फडकं धरून वाट बघत उभा होता.